मदत हवी आहे: इंटरनेटवाल्याच्या राउटरमध्ये कमांड इंजेक्शन, अपडेट मिळत नाही

सदाशिव पेठेत आमची अभ्यासिका आहे. एमपीएससीची मुलं दिवसभर एकाच वायफायवर. राउटर इंटरनेटवाल्याने दिलेला, ओएनटी (फायबरचा मोडेम) आणि वायफाय एकाच डब्यात.

त्याच्या डायग्नोस्टिक पानावर पिंगसाठी आयपी टाकायची चौकट आहे. तिथे १२७.०.०.१ पुढे सेमीकोलन देऊन 'आयडी' टाकलं, तर पिंगच्या उत्तराखाली यूआयडी शून्य. म्हणजे चौकटीत टाकलेली कमांड डबा चालवतो, तीही थेट रूट (सर्वाधिकारी) म्हणून! लॉगिन लागतं हे खरं, पण सीएसआरएफ टोकन (विनंती त्याच पानावरून आली याची खूण) कुठेच दिसत नाही. म्हणजे मी लॉगिन असताना भलतीच साइटही माझ्या ब्राउझरमार्फत कमांड चालवून घेऊ शकते.

ॲडमिन पासवर्ड बदलला, रिमोट मॅनेजमेंट बंद केलं. टीआर-०६९ चा (इंटरनेटवाल्याने दुरून राउटर सांभाळायचा) पर्याय मात्र लॉक आहे. नवं फर्मवेअर (डब्याचं आतलं सॉफ्टवेअर) नाही, कस्टमर केअर म्हणतं "रीस्टार्ट करून बघा." ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मुक्त फर्मवेअर) या डब्यावर चालत नाही. डबा बदलता येत नाही, फायबर त्याच्याच सिरीयल नंबरवर रजिस्टर आहे. पीपीपीओईचा (इंटरनेट जोडणीच्या लॉगिनचा) पासवर्ड देत नाहीत, म्हणून ब्रिज मोडही (डबा फक्त मोडेम म्हणून वापरणं) सुचवू नका.

सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) कळवतोय, म्हणून मॉडेल इथे लिहीत नाही. कृपया विचारू नका.

विचार असा: मागे स्वतःचा ओपनडब्ल्यूआरटीवाला राउटर लावायचा, डब्याचं वायफाय बंद, आणि मुलांकडून १९२.१६८.१.१ कडे (डब्याच्या पत्त्याकडे) जाणारं सगळं माझ्या राउटरच्या फॉरवर्ड नियमांतच ड्रॉप. डबल नॅट (दोन्ही राउटरमध्ये पत्त्यांची अदलाबदल) चालेल, इथे गेम खेळायला कोणी येत नाही (निदान फीच्या पावतीवर तरी तसं नाही).

एवढं पुरेल का? की डब्याच्या आयपीव्ही६ पत्त्यावरून ते पान तरीही उघडेल, आणि त्यासाठी वेगळा नियम कसा लिहायचा?