मुलीला डिप्लोमाला घालायचंय, कॉलेजवाले घरी येऊन दाखला घेऊन गेले, आता काय करू?

बार्शीची_आई
नमस्कार. माझ्या मुलीला दहावीला ८४.२० टक्के पडले. तिला इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करायचाय आणि इलेक्ट्रिकलच पाहिजे म्हणती, तिचे मामा म्हणतात पोरींनी वायरी जोडायच्या का, कॉम्प्युटर घे. तो वाद घरात चालूच आहे. पण खरी अडचण अशी की परवा एका खाजगी कॉलेजचे दोन सर घरी आलते, निकालाचे पेढे पण तेच घेऊन आले, म्हणाले मुलींना फी नाही, बस फ्री, फक्त शाळा सोडल्याचा ओरिजिनल दाखला आणि मार्कशीट आत्ता द्या म्हणजे सीट पक्की, उद्या आलात तर सीट राहणार नाही. ह्यांनी दाखला देऊन टाकला. मार्कशीट सापडत नाही म्हणून मी वेळ मारून नेली. आम्ही ओबीसीत येतो, उत्पन्न दोन लाखाच्या आत. घरात इंजिनिअरिंगला आजवर कोणी गेलेलं नाही, त्यामुळे ॲडमिशनच्या आधी नेमकं काय बघायचं असतं हेच माहीत नाही. कोणी सांगेल का?

माजी_लेक्चरर
ताई, ते दोन सर बहुतेक तिथे शिकवणारेच असतील. मी स्वतः सहा वर्ष एका कॉलेजात (नाव नको) मेकॅनिकल शिकवायचो, मे-जूनमध्ये आम्हाला माणशी दहा ॲडमिशनचं टार्गेट असायचं, नाही आणल्या की पगार अडकायचा. मी पण असेच पेढे वाटलेत लोकांच्या घरी. त्यामुळे त्यांच्यावर राग नका धरू पण दाखला आजच्या आज परत आणा. ओरिजिनल कागद बघून, तपासून परत द्यायचे, कॉलेजने ठेवून घ्यायचे नाहीत असा एआयसीटीईचाच (तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद) नियम आहे. दाखला अडकला की पोरगी दुसरीकडे जात नाही, एवढ्याचसाठी तो नेतात.

आणि घरी बसून सीट कोणी पक्की करत नसतं. डीटीईच्या (राज्याचं तंत्रशिक्षण संचालनालय) साइटवर रजिस्ट्रेशन, कागदपत्रांची तपासणी, मेरिट लिस्ट, मग ऑप्शन फॉर्म (कॉलेजांची पसंती क्रमाने भरायची), मग कॅप राउंड, म्हणजे सरकारची केंद्रीय प्रवेश फेरी, असं ते जातं. काही कॉलेजं "आम्हीच फॉर्म भरून देतो" म्हणतात आणि ऑप्शनमध्ये फक्त स्वतःचं कॉलेज टाकून मोकळी होतात, पासवर्ड पण त्यांच्याकडेच. तेव्हा मोबाईल नंबर तुमचा द्या आणि ओटीपी कोणालाच सांगू नका. ऑप्शन भरताना मागच्या वर्षीचा कटऑफ साइटवरच पीडीएफमध्ये असतो तो बघा. आवडीचं कॉलेज वर टाकायचं, पण कुठल्या राउंडला कितव्या नंबरपर्यंतचं मिळालं तर ते घ्यावंच लागतं हा नियम बदलत असतो, त्यामुळे यंदाची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय ऑप्शनचा एकही नंबर भरू नका.

"फी नाही" हे पण समजून घ्या, कॉलेज तुमच्यावर उपकार करत नाहीये. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसीच्या (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. पण ॲडमिशन कॅपमधून पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा कॉलेजच्या लेव्हलला घेतली तर नाही, आणि खाजगी विद्यापीठाचा डिप्लोमा असेल तरी नाही. तुमच्याकडे आलेलं कॉलेज नक्की कशातून सीट देतंय ते विचारा, बघा चेहरा कसा होतो. ओबीसीला लागणाऱ्या नॉन क्रिमिलेयर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, जुनं असेल तर आत्ताच सेतूत जा, जूनमध्ये तिथे उभं राहायला जागा नसते.

पॅनलवाली
मी इलेक्ट्रिकल डिप्लोमा, सध्या चाकणला कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंगला आहे. मामांना माझा नमस्कार सांगा, दिवसभर वायरीच जोडते आणि पगार दर महिन्याला होतो 😄

काकू, कॉलेज बघायला मुलीला घेऊन जा आणि फोन न करता जा. फोन करून गेलात की रिसेप्शन, स्मार्ट क्लास आणि प्लेसमेंटवाल्या पोरांचे फ्लेक्स दाखवतात, झालं. तुम्ही सरळ इलेक्ट्रिकल मशीन लॅब कुठाय विचारा. मोटरची लोड टेस्ट घेतात तेव्हा ब्रेक ड्रमवर पट्टा आवळतात, तो पट्टा घासून काळा झालेला असला तर पोरं खरंच प्रॅक्टिकल करतात. पट्टा नवाकोरा, पॅनलवरचं प्लास्टिक तसंच आणि मीटरवर धूळ असली तर तिथे मॅन्युअल कॉपी करून सबमिशन होतं, मग कंपनीत येऊन क्लॅम्प मीटर कसा धरायचा ते आमच्याकडून शिकतात. लॅब असिस्टंट भेटले तर त्यांच्याशी बोला, ते सरांपेक्षा खरं सांगतात.

दुसरं म्हणजे शेवटच्या वर्षाच्या दोन पोरी गाठा. गेटवरच्या चहाच्या टपरीवर सापडतील. पहिल्या वर्षाला किती जण इयर डाऊन झाले (नापास होऊन वर्ष गेलं) आणि एका सेमिस्टरमध्ये किती सर बदलले एवढंच विचारा. मी मराठी मीडियमची, पहिल्या सेमला बेसिक मॅथ्समध्ये रडले होते, पण आमच्या मॅडम संध्याकाळी थांबून मराठीत समजावून सांगायच्या म्हणून निघाले. असं कोणी आहे का तिथे, हे ब्रोशरमध्ये नसतं.

दोन_मुलांचा_बाप
वरचं सगळं बरोबर. फक्त खर्चाचं बघा. शिक्षण शुल्क माफ झालं तरी डेव्हलपमेंट फी, बस, होस्टेल, मेस, युनिफॉर्म हे आपल्याच खिशातून. आमच्या थोरल्याच्या कॉलेजात "बस फ्री" पहिल्या वर्षापुरती होती हे दुसऱ्या वर्षाला कळलं. कुठल्या कॉलेजला किती फी मंजूर आहे ते फी नियामक प्राधिकरणाच्या साइटवर असतं, त्यावर एक रुपया जास्त मागितला तर लेखी मागा. आणि एनबीएचं (कॉलेजातल्या कोर्सचा दर्जा तपासणारी संस्था) मानांकन ब्रांचला मिळतं, अख्ख्या कॉलेजला नाही, त्यामुळे बोर्डवर एनबीए दिसलं तरी कुठल्या ब्रांचला ते विचारा.

तुमच्या जवळ सोलापूर आणि धाराशिवला शासकीय तंत्रनिकेतन आहे, लातूरला मुलींचं निवासी पण आहे. आधी ती बघा. सरकारी म्हणजे सगळं उत्तम असं मी म्हणणार नाही, काही ठिकाणी सरांच्या जागा रिकाम्या असतात, पण दाखल्यासाठी घरी कोणी येत नाही. पुढे डिग्री करायची असेल तर सीईटी न देता डिप्लोमाच्या मार्कांवर थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तिथे एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) नावाचा राक्षस बसलाय, त्यामुळे डिप्लोमाचं गणित नुसतं पास होण्यापुरतं करू नको म्हणावं.

बार्शीची_आई
सगळ्यांचे खूप आभार. काल दाखला आणायला आम्ही तिघं त्याच कॉलेजवर गेलो, न सांगता. आधी म्हणाले साहेब मीटिंगमध्ये आहेत, दोन तास बसवलं. मग मी एआयसीटीईचा नियम म्हटल्यावर पाच मिनिटात दाखला निघाला. कॅपची सीट का विचारलं तर "ते सगळं आम्ही बघतो" एवढंच.

जाता जाता मशीन लॅब बघायची म्हटलं तर कुलूप, चावीवाले सुट्टीवर. मुलगी खिडकीला नाक लावून उभी राहिली आणि म्हणाली, आई पट्टा दिसतोय, लेबल पण काढलेलं नाहीये.

सोमवारी सोलापूरला जातोय. मामा पण येतायत, त्यांना वायरी बघायच्यात म्हणे.