जॅकलीनची थाळी: पिकासोची की कारखान्याची?

फेरफटका: पिकासोने थाळ्यांवर आणि टाइल्सवर काढलेल्या, पुढे त्याची बायको झालेल्या जॅकलीन रोकच्या चेहऱ्यांचं एवढं कौतुक का होतं ते मला झेपत नाही. दक्षिण फ्रान्समधल्या व्हॅलोरिस गावात सुझान आणि जॉर्ज रामिए यांचा मादुरा हा मातीच्या भांड्यांचा कारखाना. 1947 ते 1971 दरम्यान तिथून त्याच्या सहाशेहून जास्त नमुन्यांच्या मर्यादित आवृत्त्या निघाल्या. कशाच्या 25 प्रती, कशाच्या 500. मूळ नग त्याचा, बाकीची नक्कल कारागिरांची, मागे पिकासोच्या नावाचा शिक्का. हे कसलं व्यक्तिचित्र? नाव विकायचा धंदा!

भट्टीवाली: अर्धंच सांगताय. पद्धती दोन होत्या. एकीत मूळ नगाबरहुकूम आकार आणि रंग कारागीर हाताने उतरवत. तुमचा आक्षेप तिथे लागू. दुसरीत पिकासोने कोरलेल्या प्लास्टरच्या साच्यावर ओली माती दाबत, म्हणजे त्याचीच रेष मातीत उठे. शिक्काही वेगळा, ‘मूळ ठसा’ सांगणारा. लिनोकटची, म्हणजे लिनोलियम कोरून घेतलेल्या छापाची, प्रत अस्सल मानता ना? मग थाळीनेच काय घोडं मारलंय?

फेरफटका: लिनोकट भट्टीत घालत नाहीत.

भट्टीवाली: तीच तर गंमत! ऑक्साइडचे रंग आणि ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, भाजण्याआधी भलत्याच रंगाचं दिसतं. कॅनव्हासवर गाल गडद झाला तर तिथल्या तिथे सावरता येतो, इथे भट्टी उघडेपर्यंत काही कळत नाही. म्हणून मला या थाळ्यांतली कोरलेली रेष महत्त्वाची वाटते. लांब मान, सरळ नाक, मोठा डोळा, की झाली जॅकलीन. शिवाय ती मादुरातच कामाला होती, तिची नि पिकासोची गाठ तिथलीच. 1961 साली लग्नही व्हॅलोरिसमध्येच लागलं. तिचा चेहरा त्या मातीत नाही तर कुठे उमटणार?

दुपारचा चहा: प्रेमकथा छान. पण 2012 मध्ये क्रिस्टीजने लंडनला मादुराचा संग्रह लिलावात काढला, तेव्हा लोकांनी रेषेसाठी बोली लावली की नावासाठी? त्यापेक्षा मळवलीच्या छापखान्यातली रविवर्म्याची लक्ष्मी बरी, निदान घरोघरी पोचली.

भट्टीवाली: ती लक्ष्मी छापायचे दगड रविवर्म्याने नव्हे, छापखान्याच्या कारागिरांनी तयार केले. फेरफटका यांची कसोटी लावली तर तुमची लक्ष्मी आधी नापास.

फेरफटका: ठशाच्या थाळ्यांवर वाद घालत नाही. पण हाताने रंगवलेल्या प्रतींवर मादुराचं नाव आहे, पिकासोचं आहे, ब्रश धरणाऱ्याचं का नसावं?

दुपारचा चहा: घातलं असतं तर भाव पडला असता.