उपरोधिक कथेतला निवेदक पडद्यावर कुठे ठेवायचा?

तळटीप:
चिं. वि. जोशी यांचे चिमणरावाचे लेखन पुन्हा वाचताना जाणवले, की तिथे हसू येते ते प्रसंगांपेक्षा चिमणराव ते ज्या गांभीर्याने सांगतो त्यामुळे. आपण हास्यास्पद ठरतो आहोत याचा निवेदकाला पत्ता नसतो आणि वाचकाला मात्र तो वाक्यावाक्यात लागत जातो. मास्टर विनायक यांच्या ‘लग्न पहावे करून’मध्ये (१९४०) दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी, तर पुढे दूरदर्शनच्या मालिकेत दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ साकारले, पण कॅमेऱ्यासमोर ‘मी’चा ‘तो’ होणे कोणालाच टळले नाही. मी सध्या एका कारकुनाच्या उपरोधिक कथेची पटकथा लिहिते आहे. निवेदन पार्श्वस्वरात ठेवले की अभिवाचन ऐकल्यासारखे वाटते आणि काढून टाकले की निव्वळ फार्स उरतो. यातून वाट कशी काढावी?

रीळवाला:
पार्श्वस्वर काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. निवेदकाचे अज्ञान नटाकडे सोपवावे. आपण विनोदी प्रसंगात आहोत हे त्याच्या चेहऱ्याला कळता कामा नये. स्टॅनली कुब्रिक यांच्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’चा (१९६४) प्रवास तर उलट्या दिशेचा आहे, कारण पीटर जॉर्ज यांची मूळ कादंबरी गंभीर होती आणि पटकथा लिहिता लिहिता तिचा उपरोध झाला. त्या चित्रपटाच्या शेवटासाठी युद्धकक्षात एकमेकांवर क्रीमने भरलेले ‘पाय’ (केकसारखा गोड पदार्थ) फेकण्याचा एक मोठा प्रसंग चित्रित झाला होता, पण तो फार्सच्या अंगाने जातो आणि बाकीच्या चित्रपटाशी जुळत नाही म्हणून कुब्रिक यांनी तो वगळला. इतका खर्चिक प्रसंग कापायला धैर्य लागते (आपल्याकडे बहुधा त्याचाच ट्रेलर झाला असता).

कोपऱ्यातला वाचक:
अभिनयाचा मुद्दा मान्य, पण तो सगळीकडे पुरत नाही. पर्सिव्हल एव्हरेट यांच्या ‘इरेजर’ (२००१) या कादंबरीत कृष्णवर्णीय नायक प्रकाशकांच्या ठरीव अपेक्षांची टर उडवण्यासाठी एक भडक कादंबरी लिहितो आणि ती संपूर्णपणे पुस्तकातच छापलेली आहे. वाचक आधी हसतो, मग पानांमागून पाने वाचताना त्यात गुंततो आणि आपणही अशा भडक पुस्तकांच्या ग्राहकांपैकी एक आहोत की काय, या शंकेने अस्वस्थ होतो. ही अस्वस्थता लांबीतून येते आणि चित्रपटाला तेवढी लांबी परवडत नाही. कॉर्ड जेफरसन यांनी याच कादंबरीवरच्या ‘अमेरिकन फिक्शन’ या चित्रपटात (२०२३) त्या भडक कादंबरीतल्या पात्रांना लेखकाच्या खोलीतच उभे केले, ती संवाद म्हणतात आणि मध्येच थांबून लेखकाला पुढचे विचारतात. युक्ती देखणी आहे, पण प्रेक्षक सापळ्यात अडकत नाही, तो बाहेरूनच पाहतो. मूळ पुस्तकात नायकाची डॉक्टर बहीण गर्भपातविरोधकाच्या गोळीने मरते, चित्रपटात हृदयविकाराने. तिथेही धार बोथट झाली, असे मला वाटते. मात्र शेवटी नायक चित्रपट दिग्दर्शकापुढे एकामागून एक वेगवेगळे शेवट मांडतो, तेव्हा उपरोधाचा रोख प्रकाशनव्यवसायावरून खुद्द चित्रपटाकडे वळतो. हे मला खरे रूपांतर वाटले. तळटीप, आपल्या कथेत लक्ष्य कोण आहे? कार्यालय, की त्याच्यावर कथा लिहिणारे आपण?

तळटीप:
दोघांचेही आभार. कथेतला कारकून साध्या रजेसाठीही दोन-दोन पानांचे अर्ज लिहितो. पार्श्वस्वराऐवजी तो ते अर्ज साहेबांसमोर उभा राहून वाचून दाखवील आणि साहेब मध्ये न हसता पूर्ण ऐकून घेतील, असा प्रसंग आता लिहून पाहते. मात्र अर्ज किती ओळींनंतर तोडावा, हे अजून उमगत नाही.

रीळवाला:
तोडू नका. साहेबांना चहा येऊ द्या, तो संपू द्या, वाचन चालूच ठेवा. कात्री संकलनाच्या टेबलावर लावता येईल.