ढकललेला झेल: आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरील रविवारची चर्चा

अण्णा (क्लीव्हलंड): काल रात्री छोटूने अमेरिकन फुटबॉलमधल्या त्याच्या पिट्सबर्ग स्टीलर्सच्या सॅन्टोनियो होम्सच्या झेलाची चित्रफीत इथे टाकली आणि खाली ‘झेल असावा तर असा’ असे लिहिले, त्याबद्दल मला थोडे बोलायचे आहे. होम्सच्या पायांविषयी माझी काहीच तक्रार नाही. परंतु २ डिसेंबर २००७ रोजी ॲरिझोनात आमच्या क्लीव्हलंड ब्राउन्सच्या केलन विन्सलोने अगदी शेवटच्या खेळीत हवेत झेप घेऊन चेंडू पकडला होता आणि त्याचे पाय जमिनीला लागण्याआधीच त्याला ढकलून सीमारेषेबाहेर घालवण्यात आले होते, ही गोष्ट पिट्सबर्गला राहणाऱ्यांनी सोयीस्करपणे विसरू नये. धक्का बसला नसता तर गडी आतच उतरला असता, असे पंचांना वाटले तर झेल ग्राह्य धरावा, असा तेव्हाचा नियम होता. पंचांना तसे वाटले नाही. आम्ही २७-२१ असे हरलो, आणि काही महिन्यांनी लीगने, म्हणजे एनएफएलने, तो नियमच काढून टाकला. तो परत आणला पाहिजे, हे माझे स्पष्ट मत आहे.

छोटू (पिट्सबर्ग): अण्णाकाका, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो की ही तक्रार आपण दर दिवाळीला आणि दर थँक्सगिव्हिंगला ऐकतो. २००८ मध्ये नियम बदलला हे उत्तमच झाले. आता प्रश्न एवढाच उरतो की दोन्ही पाय मैदानाच्या आत टेकले की नाही, आणि तो रिप्लेवर पाहून सोडवता येतो. ‘धक्का नसता तर काय झाले असते’ हे कुठल्याही कॅमेऱ्यात दिसत नाही.

बापूकाका (एडिसन): एक मुद्दा नोंदवतो. गुडघा टेकला तर दोन्ही पाय टेकल्यासारखेच धरतात. विन्सलोचा गुडघा नेमका कुठे पडला, हे कोणी पाहिले आहे का?

अण्णा (क्लीव्हलंड): छोटू, तुला तो बदल का आवडतो हे मला चांगले ठाऊक आहे. २००७ च्या हंगामात ब्राउन्स आणि स्टीलर्स या दोघांचेही १० विजय आणि ६ पराभव झाले होते. आमच्याशी झालेले दोन्ही सामने तुम्ही जिंकले होते, म्हणून गटाचे विजेतेपद तुमच्याकडे गेले आणि आम्ही प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, बाहेर घरी बसलो. तो एक झेल ग्राह्य धरला असता तर सहा गुण मिळून बरोबरी झाली असती, त्यानंतरच्या किकच्या वरच्या एका गुणाने आम्ही २८-२७ असे जिंकलो असतो आणि ११ विजयांसह गट आमचा झाला असता.

छोटू (पिट्सबर्ग): तो वरचा एक गुण अजून मारायचा होता, हे मी केवळ नोंदीसाठी लिहितो.

नाना (पुणे): छोटू, काकांशी बोलताना शब्द जपून वापरावेत. इथे रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत आणि मला या खेळातले ओ की ठो कळत नाही, तरीही मी सगळे वाचतो आहे. या ग्रुपवर पूर्ण वाक्ये लिहावीत आणि शक्यतो विषयाला धरून लिहावे, एवढीच विनंती.

जावईबापू (कोलंबस): अण्णा, आपल्या दोघांचे म्हणणे वाचले. माझ्या मते वादाचे खरे मूळ धक्क्यात नसून दुसऱ्या पायात आहे. आमच्या कॉलेज फुटबॉलमध्ये एक पाय आत टेकला तरी झेल धरतात. २०२० च्या एक्सएफएल या दुसऱ्या व्यावसायिक लीगनेही एकच पाय पुरेसा मानला होता. एक पाय पुरत असेल तर बचावपटूला ढकलायला वेळच कमी मिळतो आणि अर्धे तंटे आपोआप मिटतात.

छोटू (पिट्सबर्ग): भावोजी, मग व्यावसायिक खेळात आणि कॉलेजच्या खेळात फरक तो काय राहिला? १ फेब्रुवारी २००९ रोजी टँपाला लीगच्या अंतिम सामन्यात होम्स कोपऱ्यात उभा होता, भोवती तीन बचावपटू होते, सामना संपायला पाऊण मिनिटही उरले नव्हते. चेंडू त्या तिघांच्या हातांवरून आला, होम्स पूर्ण ताणून उंच झाला, आणि अंग बाहेरच्या बाजूला कलत असतानाही त्याने दोन्ही चवडे हिरवळीवर रोवून ठेवले. एका पायाचा नियम असता तर हा एक साधा झेल ठरला असता. आम्ही २७-२३ असे जिंकलो. समोर कोण होते, तर तेच ॲरिझोना, ज्यांनी अण्णाकाकांना रडवले होते. खरे म्हणजे आम्ही तुमचा सूडच घेतला, पण त्याचे श्रेय आम्हाला कधी मिळाले नाही.

अण्णा (क्लीव्हलंड): असले उपकार आम्हाला नकोत.

बापूकाका (एडिसन): माझ्या मुद्द्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही, म्हणून पुन्हा लिहितो. गुडघा टेकला तर दोन्ही पाय टेकल्यासारखेच धरतात.

ताई (कोलंबस): बापूकाका, वाचले. अण्णा, मला एक शंका आहे. काल यांच्याकडून कळले की आजही एक अपवाद आहे: चेंडू पकडलेल्या गड्याला बचावपटूने हवेतच धरून ठेवले आणि उचलून सीमेबाहेर नेले, तर झेल धरतात. म्हणजे ढकलले तर झेल नाही आणि उचलून नेले तर झेल आहे. हा कुठला न्याय?

छोटू (पिट्सबर्ग): ताई, धरून ठेवले की त्या गड्याची पुढची वाटचाल तिथेच थांबली असे मानतात. धक्क्यात कोणी कोणाला धरलेले नसते.

ताई (कोलंबस): आपल्याकडे लग्नातही साधारण हाच नियम आहे. मुलगी उचलून नेली की बाहेर गेली तरी ती त्यांचीच.

नाना (पुणे): विषयाला धरून लिहावे.

अण्णा (क्लीव्हलंड): ताईने माझेच म्हणणे मांडले आहे. तिथे पंच ‘धरले होते की नुसते ढकलले’ हे डोळ्यांनी ठरवतोच ना? मग पंचाच्या नजरेवर विश्वास नाही म्हणून आमचा नियम काढला, हे कारण कसे पटावे? आज बचावपटूला पायांची चिंताच नाही, हवेतल्या गड्याला खांदा मारला की काम झाले. हवेत असलेल्या माणसाला तोल सावरता येत नाही, हे ज्याला एकदा तरी शिडीवरून कोणी ढकलले असेल त्याला विचारावे.

विमलकाकू (क्लीव्हलंड): शिडीचा विषय निघालाच आहे तर मी सांगते. मी कोणालाही ढकललेले नाही. शिडी डगमगत होती. आणि आज सकाळी यांनी तळघरातल्या गालिच्यावर पांढरी चिकटपट्टी लावून तिला ‘सीमारेषा’ असे नाव दिले, हातात उशी घेतली आणि मला धक्का द्यायला खाली बोलावले, तेव्हा माझी पोळी तव्यावर होती. बिनधक्क्याच्या उडीचा फोटो काढला आहे, तो पाठवते.

छोटू (पिट्सबर्ग): काकू, फोटो मोठा करून पाहिला. अण्णाकाकांची उजवी टाच आत टेकली आहे, पण त्याच पावलाची बोटे पट्टीवर आली आहेत. रेघ ही मैदानाबाहेरच धरतात. नुसता चवडा आत टेकून गडी बाहेर गेला तर चालते, पण टाच टेकल्यावर लगेच बोटेही टेकली तर ती दोन्ही आतच असावी लागतात. म्हणजे कोणी धक्का न देताही हा झेल बाद आहे.

अण्णा (क्लीव्हलंड): मोजे घसरडे होते.

बापूकाका (एडिसन): गुडघ्यावर पडला असतास तर धरला असता. मी सकाळपासून हेच सांगतो आहे.

जावईबापू (कोलंबस): अण्णा, आपल्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. विन्सलोच्या वेळी तो निर्णय रिप्लेवर तपासताच येत नव्हता, कारण तो पंचाच्या अंदाजाचा भाग मानला जाई. तो नियम परत आणायचा असेल, तर धक्का आणि त्याआधीची गड्याची दिशा रिप्लेवर तपासण्याची सोयही सोबत मागावी लागेल. नाहीतर २००७ चेच रडगाणे नव्याने सुरू होईल. शिवाय ३२ पैकी २४ संघमालकांनी हात वर केल्याशिवाय नियम बदलत नाही, आणि त्यांतल्या किती जणांना आणखी लांब रिप्ले हवे असतील?

नाना (पुणे): मला या निमित्ताने एक सुचते. प्रो कबड्डीत चढाई करणाऱ्याला धडक देऊन मैदानाबाहेर घालवतात, त्याला डॅश म्हणतात आणि त्याचा गुणही मिळतो. तिथे कोणी रडत नाही.

अण्णा (क्लीव्हलंड): नाना, चढाई करणारा जमिनीवर असतो आणि त्याला धडक येताना दिसते. आमचा माणूस हवेत होता आणि त्याचे डोळे चेंडूवर होते. शिवाय विषयाला धरून लिहावे, असे तूच दोनदा सांगितले आहेस.

छोटू (पिट्सबर्ग): काका, भावोजी म्हणतात तशी रिप्लेची सोय असेल, तर मी एवढे मान्य करतो की विन्सलोचा प्रसंग पुन्हा पाहायला हरकत नाही. पण पाहिल्यावर तो आत उतरला नसता असे दिसले, तर हा विषय निदान पुढच्या दिवाळीपर्यंत बंद करायचा.

अण्णा (क्लीव्हलंड): आणि उतरला असता असे दिसले तर?

छोटू (पिट्सबर्ग): तर पुढच्या रविवारी टर्नपाइकचा टोल भरून मी येतो, आणि तुम्ही सांगाल ते ग्रुपवर लिहितो. २००७ च्या गटविजेतेपदाबद्दल मात्र काही लिहिणार नाही.

विमलकाकू (क्लीव्हलंड): जरूर या, सगळेच या, मी साबुदाण्याची खिचडी करते. मात्र आधी यांनी ती पट्टी काढून दाखवावी, कारण मी एक टोक ओढले तेव्हा गालिच्याचे धागेही वर आले आहेत.

बापूकाका (एडिसन): मीही येतो. काढताना गुडघ्यावर बसूनच काढ, अण्णा.