फर्स्ट बीडीएस : सुळ्याचं कार्व्हिंग (मेणात दात कोरणं) आणि वरच्या पहिल्या उपदाढीची बाजू ओळखणं, सल्ला हवा

पटाशी_सांगली
नमस्कार. सांगलीत फर्स्ट बीडीएसला (दंतवैद्यकीच्या पहिल्या वर्षाला) आहे. वरचा उजवा सुळा (१३) मेणाच्या ब्लॉकमध्ये कोरताना मापं व्हर्नियरवर (मापपट्टीवर) बरोबर भरतात, तरी दात चपटा दिसतो. दुसरं, स्पॉटरला (दात ओळखायच्या परीक्षेत) वरची पहिली उपदाढ आली की उजवी (१४) का डावी (२४), तिथंच गाडी अडते. सरावाला खरे दात कुठून मिळवावेत, तेही सांगा.

मिरज_जंक्शन
चपटा दिसतोय म्हणजे सुरुवात लेबियल (ओठाकडच्या) बाजूनं होत असणार. ब्लॉकवर आधी मिझिअलकडून (जबड्याच्या मध्यरेषेकडच्या बाजूनं) दिसणारा आकार काढ. क्राऊन (दाताचा दिसणारा भाग) १० मिमी, रूट (मूळ) १७ मिमी, लेबिओ-पॅलेटल (ओठाकडून टाळूकडे) रुंदी ८ मिमी, सर्व्हिक्सला (क्राऊन-रूटच्या सांध्याला, मानेला) ७. बाहेर अर्धा मिमी मेण राखून तो आकार पूर्ण काप. लेबियल पोट सर्व्हायकल थर्डमध्ये (क्राऊनच्या मानेकडच्या तिसऱ्या हिश्श्यात) हवं आणि कस्पचं (दाताच्या सुळक्याचं) टोक रूटच्या मध्यरेषेपेक्षा किंचित लेबियलकडे. टोक बरोबर मध्यावर आणलंस तर सुळा उपदाढीसारखा दिसायला लागतो.

हे झाल्यावर त्या वळणदार पृष्ठभागावर लेबियल आकार आख. मिझिओ-डिस्टल रुंदी (डिस्टल म्हणजे मध्यरेषेपासून लांबची बाजू) ७.५ मिमी, सर्व्हिक्सला ५.५. मिझिअल कॉन्टॅक्ट (शेजारच्या दाताला टेकणारी जागा) इन्सायझल (टोकाकडच्या) आणि मिडल (मधल्या) थर्डच्या सांध्यावर, डिस्टल त्याहून सर्व्हिक्सकडे, मिडल थर्डमध्ये. कस्पचा मिझिअल उतार आखूड, डिस्टल लांब.

इथवर चारही कोपरे चौकोनी असतात, आणि मापं बरोबर आली म्हणून बरेच जण इथंच थांबतात. व्हर्नियर फक्त सर्वांत रुंद जागा मोजतो, कोपरे मोजत नाही. ते पॅलेटलकडे निमुळते करत आण. वरून, म्हणजे टोकाकडून पाहिल्यावर लेबियल बाजू रुंद आणि पॅलेटल अरुंद दिसली पाहिजे. लेबियल रिज (उभा कंगोरा) मधोमध उभी राहिली की चपटेपणा गेलाच समज.

सर्व्हायकल लाइन (क्राऊन-रूटच्या सांध्याची रेषा) मिझिअलला २.५ मिमी कस्पच्या टोकाकडे चढते, डिस्टलला १.५. तिथं लेक्रॉननं (मेण कोरायच्या हत्यारानं) चर पाडू नकोस. रूटकडचं मेण हलकं खरवडून नुसती पायरी दिसू दे.

विश्रामबाग_कट्टा
वरच्या सगळ्याशी सहमत. ब्लॉकच्या तळाला सुईनं ‘मि’ आणि ‘डि’ कोरून ठेव. कडेला पेन्सिलनं लिहिलेलं पहिल्या कापातच जातं आणि १३ चा २३ (डावा सुळा) होतो. तपासायचं असेल तर लेबियल बाजू स्वतःकडे, रूट वर धर. १३ असेल तर मिझिअल तुझ्या उजव्या हाताला येईल.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या उन्हात मेण हातातच मऊ पडतं. मधूनमधून गार पाण्यात बुडव. फ्रीझरमध्ये मात्र नको, ठिसूळ होऊन कस्पचं टोक उडतं. शेवटी ओल्या कापसानं अलगद पुसलं की चकाकी येते. आच दाखवून चकाकी आणायला गेलं की रिज वितळून बुजतात.

पटाशी_सांगली
खूप आभार. १४ चं कुणी सांगाल का? रूटचं टोक डिस्टलकडे वळतं, एवढ्यावर मी बाजू ठरवते.

दाढदुखी_सातारा
ताई, टोकाच्या वळणावर विसंबू नका. ते बहुधा डिस्टलकडे असतं, पण सरळ किंवा उलटं वळलेलंही सापडतं. १४ ला भरवशाच्या खुणा मिझिअल बाजूवर आहेत. सर्व्हिक्सलगत क्राऊनवर खोलगट भाग असतो आणि तो पुढं रूटवर जातो. अंगठ्याचं नख फिरवलं तरी जाणवतो. शिवाय मिझिअल मार्जिनल रिज (चावायच्या पृष्ठभागाच्या कडेचा कंगोरा) ओलांडून एक बारीक खाच बाहेर येते. पॅलेटल कस्प मिझिअलकडे झुकलेला असतो आणि बकलपेक्षा (गालाकडच्या कस्पपेक्षा) साधारण १ मिमी बुटका. बकल कस्पचा मिझिअल उतार डिस्टलपेक्षा लांब, म्हणजे सुळ्याच्या बरोबर उलट. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हा प्रश्न हमखास येतो. यातल्या निदान दोन खुणा जुळल्याशिवाय बाजू लिहू नका.

तो खोलगट भाग नुसता पाठ करून सोडण्यासारखा नाही. पुढं क्लिनिकमध्ये १४ च्या मिझिअल बाजूला फिलिंग करताना मॅट्रिक्स बँड (दाताभोवती लावायची पातळ पट्टी) तिथं चिकटत नाही, फट राहते. वेज (बँड दाबून धरणारी पाचर) नीट बसली नाही तर त्या फटीतून मटेरियल बाहेर येऊन ओव्हरहँग (बाहेर आलेली कड) होतो, अन्न अडकतं, हिरडी सुजते. स्केलिंगमध्ये (दात साफ करताना) दगड, म्हणजे घट्ट झालेलं किटण, मागं राहतो तोही तिथंच.

मिरज_जंक्शन
खऱ्या दातांचं : सांगली-मिरजेत क्लिनिकं भरपूर आहेत, पण काढलेला दात हा जैववैद्यकीय कचरा असतो. परस्पर गोळा करू नकोस. आधी विभागात विचार, मग डॉक्टरांची आणि त्यांच्यामार्फत पेशंटची परवानगी घे. ग्लोव्ह्ज घालून रक्त-मांस धुऊन काढ आणि झाकणाच्या बरणीत घरगुती ब्लीच १ भाग, पाणी ९ भाग यात ठेव. कोरडा ठेवलास तर दात तडकतो. हाताळण्याआधी कॉलेजच्या ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबानं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) १२१ अंश सेल्सिअसला ४० मिनिटं. अमाल्गम (पारा असलेलं चांदीसारखं फिलिंग) भरलेला दात ऑटोक्लेव्हमध्ये कधीच घालायचा नाही, पाऱ्याची वाफ होते. तो १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (जंतुनाशक द्रावणात) २ आठवडे ठेवायचा.

विश्रामबाग_कट्टा
भर घालतो : ब्लीचमध्ये महिनोन् महिने ठेवलं तर रूटचा पृष्ठभाग खराब होतो. निर्जंतुक केलेले दात साध्या पाण्यात ठेव आणि पाणी बदलत जा.