आमदार खासदार झाला तर कोणती जागा जाते?

प्रश्न: विद्यमान आमदार लोकसभेवर निवडून आला आणि गप्प बसला, तर?

उत्तर १: खासदारकी जाते, आमदारकी नाही! इथेच सगळ्यांची गल्लत होते. राजपत्रात निकाल प्रसिद्ध झाल्यापासून 14 दिवसांत आमदारकीचा राजीनामा हवा. घटनेचा अनुच्छेद 101(2) वाचा.

उत्तर २: राजीनामा विधानसभा अध्यक्षांच्या नावे, सहीनिशी. विधान परिषदेचा आमदार असेल तर तिच्या सभापतींच्या. पक्षाध्यक्षांकडे दिलेला कागद शून्य किमतीचा. शिवाय तो स्वेच्छेने दिलाय याची अध्यक्षांना खात्री पटावी लागते, म्हणून शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

उत्तर ३: रिकाम्या जागेवर सहा महिन्यांत पोटनिवडणूक. मात्र मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर ते बंधन नाही.

प्रश्नकर्ता: 14 दिवसांचं ठाऊकच नव्हतं. आभार.