कंत्राटी जागेची मुलाखत: टायपिंगइतकंच पगाराचंही विचारा

ताई, तुमच्या मुलाला जिल्हा कार्यालयातल्या डेटा एंट्री ऑपरेटरच्या जागेसाठी एजन्सीने मुलाखतीला बोलावलंय. तयारी काय करावी, या तुमच्या प्रश्नावर बहुतेकांनी सामान्य ज्ञान वाचायला सांगितलंय. अशा जागांना त्यापेक्षा हात किती चालतो ते जास्त बघतात. मिनिटाला मराठी 30, इंग्रजी 40 शब्दांचं टायपिंग प्रमाणपत्र फाइलला असतंच, पण समोर संगणक देऊन युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर वाचता येतं त्या मराठीत) एक पत्र टाइप करायला लावतात. क्लासला रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या अक्षरमांडणीवर शिकलेली मुलं वेगळ्या मांडणीचा इनस्क्रिप्ट कळफलक दिसला की जोडाक्षरांवर अडकतात. चार दिवस ‘ज्ञ’, ‘क्ष’, रफार हातात बसवू द्या. एक्सेलमध्ये तालुकानिहाय बेरीज आणि गाळणी (फिल्टर) लावणंही यायला हवं.

मुलाखतीतच त्याने नम्रपणे विचारावं: नियुक्तिपत्र कार्यालयाचं की एजन्सीचं? हातात किती पडणार? भविष्य निर्वाह निधीत मालकाचा 12 टक्के वाटा वेगळा, की तोही याच्याच पगारातून? हा प्रकार सर्रास चालतो आणि पोरं पहिली पगारचिठ्ठी बघून हबकतात. यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या खात्याचा क्रमांक मिळाला की पासबुक दर महिन्याला तपासायचं. अनामत म्हणून कुणी पैसे मागितले तर सरळ उठून यायचं, साहेब कितीही ओळखीचे असोत.

‘पुढे कायम करू’ या शब्दावर हातातली नोकरी मात्र सोडू देऊ नका. उमादेवी खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की नुसती कंत्राटी सेवा झाली म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. सरळसेवेचा, म्हणजे कायम सरकारी जागांच्या थेट भरतीचा अभ्यास चालूच ठेवायला सांगा.